धाव

भाच्याची सायकल. तो पुण्याला गेला, ही मागं राहिली.
एकवीस गिअर, जाड दातेरी टायर,
डोंगरासाठी बनवलेली.
आणि आमच्याकडं कृष्णा अशी ऐसपैस पसरलेली
की सागरेश्वरचा डोंगरसुद्धा लांबूनच बघतो,
मध्ये पडत नाही.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय.
(उसाच्या मुलखात एवढं सांगायला तीनशे रुपये घेतले.)
म्हणून पहाटे, दुकानाचं शटर वर करायच्या आधी,
शेणोलीपासून कालव्याच्या भरावावरून
ताकारीकडं.

डावीकडं पाणी. उजवीकडं ऊस,
उसाच्या पलीकडं नदी, दिसत नाही, नुसता गारवा येतो.
मधे दोन चाकांपुरती वाट,
कुठं मुरूम, कुठं चिखलात वाळलेली ट्रॅक्टरची नक्षी.
मैलाच्या दगडावरचा आकडा झिजून
आता नुसता खड्डा आहे, बोट घालून वाचावा लागतो.
पाटकऱ्याच्या चौकीत कुणी शेळ्या बांधल्यात.
दारापाशी अडकलेलं: निर्माल्य, बाटल्या, एक निळी चप्पल,
आणि तिच्यावर ऐटीत बसलेला बेडूक.

दिवसभर मी जळक्या मोटारी बांधतो.
तांब्याची तार, वार्निशचा वास,
आणि समोर उभा माणूस: "दिलीपराव, पाणी उचलंना."
पाणी उचललं नाही तरच माझी चूल पेटते,
हे कुणाला बोलून दाखवायचं नसतं.

आणि हा कालवा बघा.
ना तार, ना स्टार्टर, ना थकलेलं बिल.
दीडशे वर्षांमागं खोडशीला कुणीतरी नदी अडवली,
आणि दुर्बिणीला डोळा लावून
असा एक उतार शोधून काढला
जो बैलाला कळत नाही, सायकलला कळत नाही,
फक्त पाण्याच्या कानात सांगितला.
पाण्यानं अजून तो कुणाला सांगितलेला नाही.

मी पायडल थांबवून बघतो.
सायकल चालत राहते. जरा.
मग अजून जरा.
हा उतार, की माझाच मघाचा जोर?
परतताना एक गिअर खाली टाकावा लागतो,
तेव्हा वाटतं, असावा. पण तेव्हा वारंही तोंडावर असतं.

त्या दिवशी वाट खचली होती म्हणून रानात उतरलो
तर एक विहीर, घडीव दगडाची, तीन मोटांची,
आणि काठावर शिदू आबा, चुना मळत.
"पाट आला, मग इंजान आलं, मग तुमची मोटार," म्हणाले,
"हिला कुणी इचारंना. पर धाव बगा, हाय तशी हाय."

विहिरीपासून रानात उतरत गेलेला दगडी उतार,
पंचवीसेक पावलांचा. मधोमध खुरांनी घासून
परातीसारखा खोलगट झालेला.
"बैल खाली जायाचा, तवा पानी वर यायचं.
बैलाला ते कंदी दिसलं न्हाई.
त्याची पाठ हिरीकडं."
"मग परत?"
"परत मागं मागं. त्येच तर शिकवाय लागायचं.
फुडं काय, कुनीबी जातंय.
आमी नाड्यावर बसून यायचो खाली, झोक्यावानी."
मग सायकलकडं बघून: "उतरून दावा की."

ब्रेक सोडले.
डोंगरासाठी बनवलेली चाकं पहिल्यांदाच डोंगरासारखी बोलली.
दात वाजले, दुकानाच्या किल्ल्या वाजल्या,
अठ्ठेचाळीस वर्षांचं पोट खांद्यापर्यंत येऊन गेलं,
आणि खाली पोचता पोचता, शपथ,
पाठीमागं काहीतरी ताणलं गेलं.

वळून पाहिलं.
आबा माझ्याकडं बघत नव्हते.
थारोळ्याकडं बघत होते,
कोरड्या, कडेला घाणेरी उगवलेल्या थारोळ्याकडं,
मळलेला चुना तसाच तळहातावर ठेवून.

खिशात फोन वाजला. तुपारीहून. मोटार जळली.
"आलोच," म्हटलं,
आणि सायकल वळवायला जागा नव्हती म्हणून
मागं मागं ढकलत
वर आणू लागलो.