आहेराची वही

पहिल्याच दिवशी मी ओसरीवर कागद पसरला:
पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ,
लग्नाला शेजारी शेजारी दोन रेघा.
शालनवहिनी वाकून बघत म्हणाली,
"रांगोळी व्हय? मग ठिपकं कुठायत?"

विट्याच्या पुढं, माळावरचं गाव.
निम्मी घरं कुलपात.
माणसं सेलमला, त्रिचूरला, गलाईच्या भट्टीपुढं
दुसऱ्याचं सोनं वितळवत बसलेली.
यात्रेला कुलपं निघतात.
पोरं पारावर आपसांत तमिळ बोलतात,
आणि गाव कुठलं विचारलं
तर पायाखाली बोट दाखवतात: "हे."

मी प्रश्नावली काढली.
मामाची मुलगी चालते?
"चालती की. हक्काची."
चुलत्याची?
"अगं, भण हाय ती!"
तिच्या हातावर खरोखर काटा आला.
मी तो पाहिला, तारीख टाकून लिहिला.
मग तिनं मला विचारलं.
आमच्यात, मी म्हणाले, मामाचीही बहीणच.
ती गप्प. भाकरी उलटली, तवा उतरवला.
"मंग मामा तुमचा नुस्ताच मामा?"
त्या 'नुस्ताच'मध्ये माझ्यासाठी जी कीव होती
तिला माझ्या एकाही रकान्यात जागा नव्हती.

"आन् देवक कंचं तुमचं? आमचं पंचपल्लव."
रात्री चिपळूणला फोन लावला.
बाबा म्हणाले, "असेल काहीतरी. कशाला हवंय?"

पुतणीच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी टेबल,
टेबलाशी शहाजीआण्णा मुळीक, समोर लाल कापडी वही.
टॉवेल-टोपी. एकवीस रुपये. जंपरपीस. पितळी तांब्या.
एकजण ओरडून सांगायचा, आण्णा लिहायचे,
मध्येच जुनं पान उलटायचे:
यांनी आपल्याला काय घातलं होतं, कुठल्या सालात.
मी विचारलं, तेवढंच परत करायचं असतं का?
आण्णांनी चष्म्यावरून बघितलं.
"तेवढंच दिलं तर फिटलं की, पोरी.
आन् फिटलं म्हंजे तुटलं.
वाईच जास्ती द्यावं, न्हाईतर वाईच कमी.
कुणाचं तरी कुणाकडं ऱ्हायला पायजे."
माझं पेन नेमकं तिथंच अडलं.
त्यांनी आपलं दिलं.
परत घ्यायला विसरले,
किंवा विसरले नाहीत.

शेवटच्या पानावर यादी वेगळी होती:
वाजंत्रीवाले, परीट, न्हावी.
दिलेलं लिहिलेलं होतं. आणलेल्याचा रकानाच आखलेला नव्हता.
यांनी काही आणलं तर?
आण्णांनी वही मिटली,
म्हणाले, पंगत बसतीय.
त्या रात्री मी वही मिटल्याच्या आवाजावर
दोन पानं लिहिली.
प्रबंधात त्यातलं अर्धं वाक्य गेलं, तेही तळटीपेत.

मीही एकशे एक घातले होते.
"नाव कुणाकडचं लावू?"
बापाचं गाव घाटापलीकडं, नवरा नाही,
विद्यापीठ हे काही घराणं नव्हे.
आतून वहिनी ओरडली, "माझ्याकडचं लावा!"
आण्णांनी लिहिलं:
वृषाली, शालनकडची.

चार वर्षांनी सांगलीत, कचेरीत, माझं लग्न झालं.
तीन साक्षीदार, एक शिक्का, पाव किलो पेढे.
वहिनी एसटीनं आली, पिशवीत
जंपरपीस, नारळ, आणि एकशे अकरा रुपये.
दारापाशी थांबून तिनं टेबल शोधलं.
"लिवणार कोण?"
पर्समध्ये जुनी डायरी होती, त्याच गावची,
मागची पानं कोरी.
बाकावर बसून आण्णांच्या पेनानं लिहिलं:
शालन मुळीक. जंपरपीस, नारळ, रुपये १११.
ती वाकून बघत होती, त्या दिवशीसारखीच.
"खाली जागा सोड," म्हणाली.