हाडांचा रस्सा

नाव मला ठाऊक नसतं.
ट्यूबवर आकडा, खाली: पुरुष, ७१, अ‍ॅस्टोरिया.
म्हणजे नदी जिथे समुद्राला भिडते तिथला.
पोर्टलंडमध्ये माझ्या चौथ्या मजल्यापर्यंत
तो दोन तास व्हॅनमधून आला,
बर्फात, तीन मिलिलिटर.

मार्चमध्ये त्याच्या पेशी माझ्या डिशमध्ये
एका रात्रीत आडव्या झाल्या.
नेमकं औषध: बंदच न होणारा एक वेडा स्विच,
तेवढाच दाबून धरणारं.
डॉक्टर लिंडग्रेन फोनवर म्हणाली,
म्हातारा धक्क्यावर जातोय परत,
खेकड्यांच्या जाळ्यांना शिव्या घालतोय.

जुलैत आली ती मज्जेची ट्यूब.
रक्त स्वच्छ होतं, मज्जेत थोड्या उरल्या होत्या.
त्या बलदंड नव्हत्या, हे आधी सांगते.
अक्षर न् अक्षर तपासलं, नवं काही नाही.
नुसत्या मंदावलेल्या, अंग चोरून बसलेल्या.
आणि डिशमध्ये एकट्या ठेवल्या
की त्याच औषधाने मरत होत्या.
मग आत कशा जगल्या?

ब्याऐंशीव्या अव्हेन्यूवर आईचं फोचं दुकान.
हाडं रात्रभर शिजतात.
बंद होताना कुणी दारात उभा राहिला
तर ती बिल करत नाही, वाडगा भरते.
पातेलं घासता घासता माझा हात थांबला.

मज्जेतल्या शेजारणी वाढवल्या,
निरोगी, लांबट, हात पसरलेल्या.
त्या ज्या पाण्यात वाढल्या ते गाळून घेतलं,
उरलेल्यांवर थेंब थेंब सोडलं.
औषध तेच. मात्रा तीच.
सकाळी त्या जिवंत.

फितुरी नव्हती कुणाची.
शेजारणींनी हाडाच्या आत जन्मभर एवढंच केलं,
भुकेल्याला विन्मुख धाडलं नाही.
भूक कुणाची,
हे विचारायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

ऑक्टोबरच्या ट्यूबमध्ये एक अक्षर बदललेलं सापडलं.
आता त्यांना रस्साही नको होता.
आडोशाला वेळ मिळाला, तेवढा पुरला.

नंतर त्या आकड्याची ट्यूब आली नाही.
लिंडग्रेनचा फोन वाजत राहिला. मी उचलला नाही.
आईने चव घ्यायला पळी पुढे केली,
मी म्हटलं, मीठ कमी आहे.
कमी नव्हतं.

नायट्रोजनच्या टाकीत, सातव्या रांगेत,
त्या अजून आहेत. तो नाही, त्या आहेत.
सोमवारी वितळवीन.
दुसरं औषध आलंय,
शेजारणींची पळी धरून ठेवणारं.
हात मोडणारं नसावं.