टोपलीत ऊन

डाकवाले समुद्राहून परतायचे
नाक सोललेलं, बुटांत वाळू,
अकरा रोल बिस्किटांच्या डब्यात.
डब्याला वास. नंदलालपुऱ्यातली मांजरं
स्टुडिओच्या जिन्यावर येऊन बसायची.

मी समुद्र पाहिलेला नाही. अजूनही नाही.
मासे आमच्या घरात चालत नाहीत,
नावं मला पाकिटांवरून माहीत.
माझं काम आतल्या खोलीतलं:
लाल बल्ब, तीन ट्रे, चिमटा,
आणि एक दिवसाआड, पहाटे पावणेपाचला
येणारा नर्मदेचा नळ.

ती निघाली होती समुद्राकडेच.
आम्ही तिला जलूदला गाठून
पंपावर पंप लावून, घाट चढवून
इंदुरात आणली,
आणि तिच्याच पाण्यात मी
हर्णै धुतलं, बुरोंडी धुतली.
ट्रेमध्ये आधी काळं येतं: डोलकाठी,
मग जाळं, मग कुणाचे तरी घोटे.
समुद्र सगळ्यात शेवटी.
कधी येतच नाही, कागद कोरा राहतो,
डाकवाले म्हणत, हाच तो.

त्या वर्षीचं कॅलेंडर सोयाबीन तेलाच्या मिलचं.
शेठजी भला माणूस, चष्मा पुसून पुसून पाहिलं.
होड्या पसंत. माड पसंत. ऊन तर फारच.
मग एका टोपलीवर बोट ठेवलं:
"ये नहीं चलेगा भिया,
कैलेंडर रसोई में टँगेगा."

डाकवाले चहा तसाच ठेवून उठले.
बारा महिने, बारा कोळीवाडे,
आणि शून्य नंबरचा ब्रश माझ्या हातात.

मार्चमधले बोंबील पुसले,
नुसत्या बांबूंच्या रांगा राहिल्या,
कुणाचं तरी अर्धवट सोडलेलं घर वाटावं अशा.
एप्रिलच्या टोपल्यांत ऊन भरलं.
एक कावळा चोचीत काहीतरी घेऊन चालला होता,
त्याची चोच मिटली.
ऑगस्टातला नारळ तसाच राहू दिला,
नारळाला कोण काय म्हणणार.

ऑक्टोबरला ब्रश थांबला.
लिलावातली बाई. कासोटा गच्च, तोंड उघडं,
दोन्ही हात पसरून सांगतेय
केवढी ते.
पायाशी सुरमई.
सुरमई मी करड्या रंगाखाली बुडवली,
दोन तास लागले, खवल्याखवल्यानं गेली.
हात कुठे बुडवू?
ते राहिले तसेच, वीतभर कमी नाही की जास्त नाही,
मधे काहीच नसलेलं मोजत.

शेठजींना तेच पान सगळ्यांत आवडलं.
"देखो, आशीर्वाद दे रही है."

त्या रात्री पाकीट उलटं केलं.
डाकवाल्यांचं किरटं अक्षर:
द्वारकी चोगले, हर्णै बंदर. प्रत मागते. होय म्हटलंय.
मग दुसरं पाकीट काढलं. मग मागच्या सालातली.
होय म्हटलंय. होय म्हटलंय.
एका ठिकाणी नुसतंच: लंगडा मुलगा, देवळामागे, होय.
एकही प्रत गेलेली नव्हती.

ब्रश कागदाला लागतो, निगेटिव्हला नाही.
मी पुन्हा लाल बल्ब लावला.
सुरमई आली, आधी डोळा, मग बाकीची,
जणू मी काही केलंच नव्हतं.
दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवली,
पाठवणाऱ्याचं नाव डाकवाल्यांचं घातलं.

दिवाळीनंतर पोस्टकार्ड आलं, शाळेतलं अक्षर:
फोटो पोचला. आजी म्हणते
हात बरोबर आलेत.
मासा लहान आलाय.

डाकवाल्यांनी कार्ड दोनदा वाचलं,
बोलले काही नाहीत, खिशात मात्र ठेवलं नाही.
मी ते ओल्या प्रिंटांशेजारी
दोरीला चिमट्यानं लावलं
आणि पाकिटं मोजायला बसले.
एकेचाळीसपर्यंत आले होते,
तेवढ्यात नळ खोकला,
आधी नुसती हवा,
मग गढूळ, मग
ट्रे खाली सरकवला.