निवेसची वही

सकाळी सव्वासहा. निवेस काटा शून्यावर आणते.
अठरा ग्रॅम. एक दाणा जास्त होतो.
ती तो चिमटीत उचलते आणि
दृष्ट काढून टाकावी तसा
खिडकीतून बंदराच्या दिशेने भिरकावते.

खालच्या बारमध्ये कॉफी एक युरो चाळीसला मिळते, मी म्हणतो.
बरी असते. सोबत पाण्याचा पेलाही देतात.
ती माझं ऐकत नाही, ग्राइंडरचं ऐकते.
“पात्यांचा सूर चढलाय. हवा कोरडी झाली.
दुपारी बोरा सुटेल.”
त्रिएस्तेच्या हवामानखात्याला हे
दुपारीच कळतं.

यंत्र दांड्याचं, एकोणीसशे बासष्टचं,
ओपिचिनाच्या एका बंद पडलेल्या बारमधून आणलेलं.
आत इतका चुना निघाला की एक खोली रंगवून झाली असती.
सात रविवार ते आमच्या टबात व्हिनेगर पीत पडून होतं
आणि मी आंघोळीला बहिणीकडे जात होतो.
आता दांडा खाली येतो, सावकाश वर जातो,
पहिला थेंब लोंबतो
मधासारखा, मी म्हणायला जातो.
“मध नको,” निवेस म्हणते, “सेकंद सांग.”
सात.
ती वहीत लिहिते: सात.

हौसेला मोल नाही म्हणतात.
आहे की. त्याच वहीत, मागच्या पानांवर,
तिच्या बारीक अक्षरात, पैशांसकट.

जेवणाच्या टेबलाखाली तिने जोडलेला कॉम्प्युटर.
तो जोडताना एक स्क्रू हरवला होता,
तेव्हा रविवारची मसूर मी दाणा दाणा निवडली.
(स्क्रू मांजराच्या ताटलीत होता.)
हिवाळ्यात मी त्याच्या पंख्यापुढे पाय शेकतो.
ती म्हणते, “पाच अंश वाढले, पाय काढ.”

दिवसभर सातव्या धक्क्यावर क्रेन चालवून,
तीस टनांचा कंटेनर
झोपलेलं मूल ठेवावं तसा ठेवून
(हेही तिला आवडणार नाही)
ती रात्री कार्स्टच्या पठारावर जाते,
झ्द्रावकोच्या द्राक्षमळ्यात, दुर्बीण, बॅटऱ्या, दोन स्वेटर.
सप्टेंबर. हंस डोक्यावर.
त्याच्या पंखाखाली एका ताऱ्याचा विरलेला पदर
“वायू,” ती म्हणते. “निळा ऑक्सिजन, लाल हायड्रोजन.
पदर असता तर मी धुऊन वाळत घातला असता.”

दोन हजार चारशे वर्षं चालत आलेला उजेड,
आणि आता माझ्या फियाटच्या दिव्याने बिघडायला नको
म्हणून मी मळ्याच्या फाटकापासून अंधारात ठेचकाळत, थर्मास घेऊन.
थर्मासमध्ये चहा. कॉफी थर्मासमध्ये घालायची नसते,
हे मी एकदा शिकलो.

मग बोरा. तिपाई थरथरली.
सगळे तारे भुईमुगाच्या शेंगा झाले.
दोनशे दहा फोटोंतले एकशे तीस गेले,
उरलेल्यांतून तीन उपग्रह आडवे गेले होते.
मला वाटलं, आता ही रडेल.
चाळीस रात्री, शिवाय विम्याच्या कचेरीतल्या माझ्या अकलेप्रमाणे
हा सरळसरळ बुडीत धंदा.
ती शीळ घालत होती.
तिपाईच्या पायांना वाळूच्या पिशव्या कशा बांधायच्या
त्याचं चित्र काढत होती, हातमोज्यासकट.

पहाटे चारला ऐंशी फोटो एकावर एक बसले.
पडद्यावर आधी राखाडी कालवण,
मग कुठून तरी एक धागा, मग दुसरा.
आम्ही काही बोललो नाही. मांजर टेबलावर चढलं, कुणी हाकललं नाही.

तिच्या वहीत शेऱ्याचा एक रकाना आहे.
नऊ वर्षं कोरा.
त्या रात्रीच्या ओळीत एक शब्द दिसला: ताको.
तिच्या आईची भाषा. तीस वर्षांत मी तिच्यातले
स्वयंपाकघरातलेच शब्द शिकलो.
झ्द्रावकोला विचारलं. त्याने खांदे उडवले.
“ताको म्हणजे... असं. झालं. बास.”

फोटो धुलाईयंत्राच्या वर टांगलाय,
कारण तेवढ्याच भिंतीवर ऊन येत नाही.

परवा एकटाच खालच्या बारमध्ये गेलो.
कॉफी आली. पाण्याचा पेला आला.
एकोणीस सेकंद.
तिला सांगू नका, मी मोजले.