बेबाकी

मुरार छावणीच्या इस्पितळातून सुटायचं
तर अकरा सह्या लागतात.
ग्रंथालय, मेस, दातांचा विभाग,
शस्त्रागारसुद्धा,
जणू भूल देणारी डॉक्टर
रायफल घेऊन पळून जाईल.

लखनौत दोन वर्षं, इथे एक.
रेसिडेन्सी संपली, असं कागद म्हणतो.
बाहेर लू चाललीय. सायकलची सीट हात लावू देत नाही.

कपडेकोठीत हवालदार भदौरिया
चष्मा कपाळावर सारून मोजतात.
चादरी चार, उशा दोन, मच्छरदाणी एक.
"कंबल एक कम है, मॅडम."
मला ठाऊक आहे ते कुठे गेलं.
मी खिडकीबाहेर बघते.

आमच्या कामात मोजणं उलटं.
तोंडावर मास्क धरायचा नि म्हणायचं,
दहापासून मागे या.
जवान टेबलावरही टाचा जुळवून झोपतात.
हुकूम हिंदीत, केसपेपर इंग्रजीत,
पण झोपेच्या काठावर ज्याची त्याची भाषा वर येते.
पत्त, ओंबद, एट्ट, म्हणतो पालक्काडचा खानसामा.
फलटणचा एक ड्रायव्हर नवावर थांबला,
डोळे किलकिले करून म्हणाला,
"मॅडम, तुम्ही आपल्याकडच्याच काय?"
आणि उत्तराआधीच गेला.
सहाच्या खाली सहसा कुणी उतरत नाही.
तोफखान्याचे एक सुभेदार चारपर्यंत आले
आणि म्हणाले, "थोड़ी और."

जानेवारीत, धुक्यात, रेंजवरून येताना गाडी उलटली.
लूणाराम, जालोरचा, वय एकोणीस.
थिएटरचा हीटर बंद होता,
मी खोलीतून माझं कांबळं आणलं.
दस, नव, आठ,
मग म्हणाला, हात.
मी हात दिला.
त्याने धरला, आणि बोटं सैल झाली,
सगळ्यांचीच होतात.
झोपवणं सोपं असतं. परत आणायचं काम माझं होतं.

पहाटे पाच दहाला मेजर चिटणीसांनी हातमोजे काढले.
कांबळं त्याच्यासोबत गेलं.
कुणी मागितलं नाही, मी काढून घेतलं नाही.
पुढे महिन्याभराने एका नर्सिंग असिस्टंटने सहज सांगितलं,
त्यांच्या भागात साताला हात म्हणतात.

भदौरिया अजून वहीवर वाकलेले.
त्या रात्री स्ट्रेचरचं डावं टोक त्यांच्याकडे होतं,
पण हे ते बोलणार नाहीत, मीही नाही.
मी म्हटलं, "कापून घ्या पगारातून."
त्यांनी कांबळ्यासमोर सावकाश लिहिलं,
चूहे खा गये.
फुंकर मारून शाई वाळवली.
अकरावी सही.

संध्याकाळी शिंद्यांच्या छावणीत, घरी,
बाबांनी कागद दिव्याखाली धरला.
ट्रेझरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस,
कुठलाही कागद आधी उलटा करून बघणारा.
"म्हणजे बेबाक झालीस."
आमच्या गल्लीतल्या हिंदीत
याच शब्दाचा अर्थ निडर.
मी दोन्हींपैकी काहीच नाही,
पण मान हलवली, पोहे खाल्ले.

रात्री गच्चीवर गादी टाकली.
किल्ल्यावर एकच दिवा, किंवा तारा असेल.
झोप येईना, म्हणून दहापासून मागे आले.
दस, नव, आठ, हात.
सहाला त्याच्या गावी काय म्हणतात
ते विचारायचं राहिलंय.
आई पाण्याचा तांब्या घेऊन वर आली.
"काय मोजतेस गं?"
"चादरी," म्हटलं.