साडेबाराच्या जरा वर

आज पुन्हा पिवळा दिवा आणि खाली एक ओळ:
बॅटरी संरक्षण. इंजिन सुरू करा.
आज्ञार्थ. कृपया नाही, काही नाही.
आले बाई, आले.

गेल्या महिन्यात तर हूं की चूं नव्हतं.
खोबरच्या या तळघरात, एकोणचाळीस अंशांत,
बटण दाबते तर दार ढिम्म.
चावीच्या पोटात आणखी एक लोखंडी चावी असते
हे तेव्हा कळलं.
मग कळलं की बॅटरी पुढच्या डिकीत आहे
आणि डिकी उघडते बॅटरीवर.
दागिन्यांच्या डब्यातच डब्याची किल्ली ठेवून
वरून खटका दाबणारी आमची वाईची आत्या
हिच्या कारखान्यात असणार.

याह्या आला. ताइझचा माणूस, नखांत काळं.
फ्यूजच्या पेटीतून लाल टोक ओढलं,
बाहेरून वीज पाजली, डिकी खट्ट झाली.
मीटर लावला: नऊ पूर्णांक चार.
तोंडाने च्च केलं, आपल्याकडे करतात तस्संच.
"गाडी बीमार नहीं, मॅडम. गाडी बैठा है."

एकोणीस वर्षं मी मागच्या सीटवर बसले.
कंपाऊंड ते मॉल, मॉल ते कंपाऊंड,
ड्रायव्हरच्या मानेवरचा तीळ पाठ.
पुलाकडचा रस्ता उजवीकडे लागायचा,
काळ्या काचेतून निघून जायचा.
लायसन्स मिळालं तेव्हा एक्कावन्नची होते.
ही घेतली, मायदेशी निघालेल्या एका डच इंजिनिअरकडून.
लाल नाही. ओल्या वाळूच्या रंगाची.
दोनच सीटा.
हेरंब म्हणाला, किराणा कुठे ठेवणार?
मी म्हटलं, मागे काही नकोच आहे मला.

आणि आता महिन्यातून दोनदा, उन्हाळ्यात तेवढंही नाही.
दिवा लागला की कॉर्निशवर दहा मिनिटं.
याह्या म्हणतो, दहा मिनिटांत
स्टार्टरने खाल्लेलंही भरून निघत नाही.
आणि उभ्या गाडीलाही भूक असते, मॅडम.
घड्याळ. अलार्म.
शिवाय चावी जवळ येतेय का
हे ती ऐकत असते.
रात्रभर?
रात्रभर.

चार्जर आणला. तळघरात सॉकेट एकच, पाण्याच्या पंपाचं.
हारिसला पन्नास रियाल आणि डबाभर शंकरपाळे.
आता हिरवा ठिपका, बारा पूर्णांक सहा,
सलाइन लावलेल्या माणसासारखी स्थिर.
हेरंब खूश. झालं ना?
आता नाही चालवलीस तरी चालेल.

ते वाक्य दोन दिवस माझ्या मागेमागे फिरलं.

आज शुक्रवार. अजान नुकतीच संपलेली.
वायर काढली, गुंडाळली, आणि मग हा दिवा,
जणू मी विसरेन म्हणून.
रस्ता रिकामा, खिडकीतून खारट दमट वारा,
एसी मुद्दाम बंद.
चौदा पूर्णांक दोन.
पिवळा कधी विझला ते पाहिलंच नाही.

पुलाचा टोलनाका समोर आला तेव्हा आठवलं,
पासपोर्ट हेरंबच्या कपाटात.
खिडकीतला पोरगेला शिपाई म्हणाला, कुठे?
बॅटरी चार्ज करतेय, म्हटलं, वळून जाते.
तो सवयीने मागे डोकावला,
बरोबर कोण आहे ते बघायला.

मागे इंजिन होतं.