मुरूम

पहाटे साडेतीनला रंकाळ्याच्या काठानं निघालो.
दिगंबर पुढं, मी मागं.
त्याच्या मागच्या चाकाचा हब मीच कातलेला,
उद्यमनगरातल्या शेडमध्ये, रात्रपाळीला, शेठच्या नकळत.
म्हणून तो जो किर्र आवाज करतो
त्याची जबाबदारी माझ्यावर.

राधानगरीपर्यंत डांबर.
डांबरावर माणूस बोलतो:
उसाचा दर, पोरीचं ॲडमिशन, कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन.
कारखान्याचा गोडसर वास बराच वेळ मागं मागं आला
आणि पहिल्या चढाला दमून थांबला.

नाक्यावर गार्डबाईंनी वहीत नावं लिहिली.
छातीवर पट्टी : रोहिणी भारमल.
त्यांनी माझ्या टायरवर अंगठा दाबून बघितला,
कलिंगडावर दाबतात तसा.
"सहाच्या आत बाहेर. गवा आडवा आला तर थांबायचं.
घंटी वाजवायची नाही.
तो बाजूला होत नसतो. तुम्ही व्हायचं."

आत शिरल्यावर दिगंबरनं दोन्ही चाकांतली हवा जरा सोडली.
"गच्च टायर खडीशी भांडतंय," म्हणाला,
"मऊ ठेव. रस्त्याला थोडं आत येऊ दे."

मग मुरूम.
तांबडा, जांभ्याचा, सैल.
चाकाखाली तो सारखा काहीतरी चावत असतो.
दांडीतून मनगटात, मनगटातून कोपरात, कोपरातून दाढेत
एकच थरथर.
बावीस वर्षं लेथवर काढली मी.
लेथ थरथरला की जॉब वाया, एवढंच शिकलोय.
इथं थरथरणं हाच जॉब.

अंजनीच्या झाडीतून उतरताना
वळणावर तो उभा होता.
काळा, ओलसर,
पायात पांढरे मोजे घातल्यासारखा.
आम्ही सायकली आडव्या ठेवल्या आणि वाकलो,
का वाकलो कुणास ठाऊक.
त्यानं कारवीचा एक शेंडा ओढला, चघळला,
नाकातून वाफ सोडली.
माझ्या मनगटावरच्या घड्याळानं ठोके दाखवले : एकशे अडुसष्ट.
सायकल उभी असताना.
तो गेला तेव्हा कारवी बराच वेळ हलत होती.
आम्ही त्याहून जास्त.

पुढं झाडी संपली. उघडा सडा.
कंबरेएवढं वाळलेलं गवत, वाट अशी नाहीच,
फक्त समोर एक फणस, एकटा.
दिगंबर नाकासमोर चालला होता.
आणि मध्येच, काही नसताना,
त्यानं डावीकडं मोठं वळण घेतलं,
एक पाय जमिनीला टेकवत, सावकाश,
आणि पुन्हा सरळ झाला.

मी सरळच गेलो. चाकाखाली गवत. बाकी काही नाही.
"वळलास कशाला?"

त्यानं बाटलीतलं पाणी तोंडात फिरवलं, थुंकलं.
"उकिरडा हाय तिथं. लांबोरांचा."

हाय, म्हणाला. होता, नाही.

गाव उठलं तेव्हा तो सातवीत.
खाली सपाटीला प्लॉट मिळाले,
सगळे रस्ते काटकोनात, आखलेले.
तिथं वळायला काही नाही.
गावाचं नाव आता उरलंय
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर,
तेही घडीवर आलंय म्हणून अर्धं पुसलेलं.
हे सगळं मला त्यानं सांगितलं नाही.
थोडं वहिनी बोलल्या होत्या, थोडं मी जुळवलं.
तो नुसता फणसाखाली बसला, भाकरी सोडली,
ठेचा माझ्याकडं सरकवला,
आणि चेनमध्ये अडकलेली गवताची काडी
नखानं काढत राहिला,
निघून गेली तरी.

चार वाजता उठलो. सहाच्या आत बाहेर पडायचं होतं.
आता मी पुढं, तो मागं.
पाठीमागं माझाच हब किर्र करत येत होता.

त्या जागी आल्यावर
मी पाय टेकवला,
सावकाश, मोठं वळण घेतलं.

मागून तो काही बोलला नाही.
मीही नाही.

उकिरड्यातनं सायकल कोण घालतंय?